उरलेल्या अर्ध्या बागेचं पाणी

“भाभी, इथं बोट फिरवा. नखाले अटकते का नाही?”

भागीरथेनं पदर कमरेला खोचला आणि सिलिंडरच्या पोटात हात घातला. आतली भिंत काचेसारखी गुळगुळीत असायला हवी होती. तिच्यावर मांजरानं ओरबाडावं तशा रेघा उठल्या होत्या. नख अटकलं.

“अटकते,” ती म्हणाली.

“हां. पिस्टन कोरडा चालला. लोखंडानं लोखंड खाल्लं.” उस्मान मिस्त्रीनं पिस्टन तिच्यासमोर धरला. तो जाम झाला होता, सुटता सुटत नव्हता. उस्माननं त्याला रात्रभर रॉकेल पाजलं आणि मग लाकडी ठोकळा लावून हातोडीनं इंच इंच ठोकत बाहेर आणला होता. तीन रिंगांपैकी दोन तुटल्या होत्या, तिसरी खाचेतच चिकटली होती.

इंजिनघराच्या दारात तिचे दीर भगवंतराव उभे होते. “म्या सांगतलंच होतं, वहिनी. त्या देवमननं तेलच टाकलं नसंन. लवंडला असंन कुठं झाडाखाली. म्हणून तं परवाच हाकलला त्याले, साऱ्या मजुरायसमोर.”

“तेल कसं नव्हतं?” उस्माननं सिलिंडरच्या माथ्यावरच्या काचेच्या कपाकडे बोट दाखवलं. या कपातून थेंब थेंब तेल पिस्टनवर उतरायचं. “हा पाहा, गळ्यापर्यंत भरेल हाय. पण थेंब सोडणारा हा पितळी स्क्रू पार आवळून ठेवला. भरल्या घरात उपाशी मेलं बिचारं. कोणं आवळला हा?”

“आखीन कोण? त्यानंच.”

भागीरथेनं हात पदराआड घेतला. तिथं तिचा अंगठा तर्जनीवर घासला गेला. त्या स्क्रूचे कंगोरे अजून बोटांना जाणवत होते.

बासष्ट सालचा जानेवारी होता. शेंदूरजनाघाटच्या शिवारात संत्र्याच्या बागा ताणावर होत्या. संत्र्याला फूल हवं तर आधी त्याला तहानेनं मारावं लागतं. सहा आठवडे पाणी तोडायचं, पानं मरगळून वळायला लागली की ओळखायचं, आणि मग एके दिवशी पाणी सोडायचं. त्याला ताण तोडणं म्हणतात. एकदा पाणी सोडलं की सगळ्या झाडांना पाजावं लागतं. उशीर झाला तर फूल जातं, कधी कधी झाडही जातं.

भागीरथेची तीनशे झाडं होती. ती लावून नवरा वारला तेव्हा झाडं गुडघाभर होती. त्यानंतरच्या नऊ वर्षांत तिनं मोट मोडली, विहीर खोल केली, आडवं इंजिन बसवलं. काटकसर तिच्या अंगात मुरलेली होती. रांजण पाझरला तर ती खाली वाटी ठेवायची, आणि रॉकेलच्या बाटलीच्या तोंडाला चिंधी बांधल्याशिवाय झोपायची नाही. ताण तोडायच्या दिवशी ती भाकरी घेऊन आली तेव्हा इंजिन सांभाळणारा देवमन पार टोकाला आळ्यांत पाणी वळवत होता. इंजिन चालू होतं आणि काचेत तेलाचा थेंब पडत होता, पुन्हा पडत होता. गळतंय, असं तिला वाटलं. तिनं स्क्रू आवळला, थेंब थांबला, आणि आपण वेळेवर आलो म्हणून तिला बरंही वाटलं. तासाभरानं इंजिन कण्हलं आणि थांबलं. तोवर दीडशे झाडं भिजली होती. दीडशे कोरडी राहिली.

“हा लायनर, सिलिंडरचं आतलं नळकांडं, अकोल्याले नेतो,” उस्मान म्हणाला. “खरादीवर थोडा मोठा करून घ्या लागते, मंग त्या मापाचा पिस्टन, नव्या रिंगा. पाच दिवस धरा.”

“झाडं थांबतीन का पाच दिवस?”

“ते तुमाले ठाऊक, भाभी. म्या लोखंडाचा हकीम हाय, झाडाचा नाही.”

गोणपाटात गुंडाळलेला लायनर काखेत मारून तो मोटारीत बसला. भागीरथेनं विचार केला, तो आला की बोलू. मग विचार केला, बोलून काय होणार, झालं ते झालं. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बागेचे मोतीराम धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, भेटले.

“आमी त्या देवमनले आमच्या नव्या इंजिनावर ठेवून राहिलो होतो,” ते म्हणाले. “बरं झालं, आधी तुमच्याकडं कळलं.”

ते ‘बरं झालं’ तिच्या घशाखाली उतरेना. ती तशीच वळली आणि देवमनच्या वस्तीकडे निघाली. त्या वस्तीत ती कधी गेलेली नव्हती.

देवमनची बायको जाईबाई ओट्यावर तूर पाखडत होती. तिनं वर पाहिलं. “बसा म्हणलं तं बसान का?”

भागीरथा ओट्यावर बसली. आवाज ऐकून देवमन बाहेर आला.

“तो स्क्रू म्या आवळला,” भागीरथा म्हणाली. “गळते वाटलं मले.”

जाईबाईच्या हातातलं सूप थांबलं. देवमन मात्र चौकटीला टेकून तसाच उभा राहिला.

“मालूम हाय मले. इंजिन बंद पडलं तसा धावत आलो, पह्यला हात तिथंच गेला. सकाळी मिनिटाले बारा थेंब मोजून लावले होते म्या. अन् तुमच्या भाकरीचं गाठोडं बाजूलेच होतं.”

“मंग बोलला काहून नाही, बापा?”

“कोणाले बोलू? भगवंतरावाले सांगू, का तुमच्या वहिनीनं केलं म्हणून? काम तं गेलंच होतं, गावही गेलं असतं.”

“दीक्षा घेतली, गावकी सोडली,” जाईबाई म्हणाली. “अमरावतीच्या जिनिंगात चार वर्सं तेलात हात घालून शिकला हा. तुमच्या घरानं एका सकाळी सारं धुवून टाकलं.”

भागीरथेनं सुपाबाहेर सांडलेले तुरीचे दाणे वेचून सुपात टाकले. मग ती म्हणाली, “मिस्त्री परवा येते. इंजिन बसवाले तू पाह्यजे.”

“येतो म्या. पण तुमी इथं बोलल्या, ते तिथं बोला. इथं तं आमाले मालूमच होतं.”

उस्मान आला त्या सकाळी भागीरथेनं मोतीरामला मुद्दाम बोलावणं धाडलं. भगवंतराव होते, पाणी वळवणारे चार मजूर होते. देवमन बाहेर, कडुनिंबाखाली उभा होता.

“सारे हाय म्हणून सांगते,” ती म्हणाली. “इंजिन देवमननं नाही बिघडवलं. तो स्क्रू म्या आवळला.”

भगवंतराव हसले. “काहीबी काय, वहिनी. त्याले वाचवाले...”

“डाव्या हातात भाकर होती. उजव्यानं असा फिरवला. बोटं तेलानं सरकून राहिली म्हणून पदरानं धरून आखीन आवळला.” तिनं पदराचं टोक पुढं केलं. धुऊनही न गेलेला पिवळट डाग होता.

मोतीराम उगाचच विहिरीत डोकावले. भगवंतराव खालच्या आवाजात म्हणाले, “घरातली गोष्ट घरात बोलावी, वहिनी.”

“त्याले हाकललं ते घरात नव्हतं, भाऊजी.”

उस्माननं हात चिंधीला पुसले. तो म्हणाला, “वीस वर्सं इंजिनं खोलून राहिलो. ‘म्या बिघडवलं’ म्हणणारं गिऱ्हाईक पह्यल्यांदा पाहिलं. सारे म्हणते, आपोआप झालं. चाल रे देवमन, इकडं ये. रिंगा चढव.”

देवमन आत आला. त्यानं लायनरवरून बोट फिरवलं, मान हलवली. तेलात बुडवलेल्या रिंगा त्यानं एकेक करून पिस्टनवर चढवल्या आणि त्यांची तोंडं तीन दिशांना फिरवली. “एका रेषेत ठेवली का दम निघून जाते,” तो भागीरथेकडे न पाहता म्हणाला. पण सांगत तिलाच होता.

व्हॉल्व घासायचे होते. दाणेदार मलम लावून, काडी दोन तळव्यांत धरून रवीसारखी फिरवायची. ते काम तिनं मागून घेतलं. दुपारभर ती घुसळत राहिली. उस्माननं वरून रॉकेल ओतून पाहिलं. खाली एक थेंब उतरला नाही.

“वा भाभी! ताक चांगलं करत असान तुमी.”

हेड बसलं, नट आवळले गेले. देवमननं स्क्रू सोडला, ओठ हलवत बारा थेंब मोजले आणि हँडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं, मग धरलं. पाणी दांडानं, मातीच्या पाटातून, धावलं आणि कोरड्या आळ्यांपर्यंत पोचलं.

मोतीराम घसा खाकरत पुढं झाले. “देवमन, सोमवारपासून आमच्याकडं...”

“नाही जी. उस्मानभाई अकोल्याले कारखान्यात घेऊन राहिले मले.” मग तो भागीरथेकडे वळला. “आठ दिवस थांबतो, बाई. तुमाले चालवणं शिकवतो.”

“राग हायेच ना अजून?”

“राग गेला. पण जिथून एका बोलावर उठवते, तिथं पुन्हा कोण बसन?”

तिनं मान डोलावली.

आठ दिवसांत ती शिकली. नऊवारीचा काष्टा घट्ट मारायचा, व्हॉल्व उघडा धरणारा दट्ट्या दाबून चाक गरगरा फिरवायचं, आणि वेग आला की दट्ट्या सोडायचा. पहिले चार दिवस हँडल तिला उलटा झटका देत राहिलं. पाचव्या दिवशी इंजिन लागलं. जाईबाई सामान बांधायचं सोडून पाहायला आली होती. ती तोंडाला पदर लावून हसली.

फेब्रुवारीत परतवाड्याचा एक व्यापारी बागा बघत आला. भागीरथेची अर्धी बाग पांढरी झाली होती, वास रस्त्यापर्यंत येत होता. उरलेली अर्धी आत्ता कुठं कळीला लागली होती. थोडी झाडं गेली होती.

“हे असं दोन तोंडाचं काहून झालं?” त्यानं विचारलं.

भगवंतरावांनी चटकन सांगितलं, “इंजिन बिघडलं होतं.”

“म्या बिघडवलं होतं,” भागीरथा म्हणाली.

व्यापाऱ्यानं डोळे मोठे केले. “असं कोणी सांगते का, बाई? भाव पडते.”

“इचारलं म्हणून सांगतलं.”

ती इंजिनघरात गेली. काळ्या बोटांनी तिनं हँडल बसवलं, पाय रोवले, आणि कळीच्या झाडांना पाणी सोडलं.