माझ्या पाठीला लागलेले तेल

मित्रांनो, मला लाकडाचा देह नाही. मी फायबरची नाव. नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर साच्यात घडले, समुद्रावर मासळी वाहिली आणि उतारवयात कुंभकोणमला कावेरीकाठी आले. पूजासाहित्याचे दुकान चालवणाऱ्या गोपालकृष्णांनी मला आणले ते विठोबासाठी. आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणाच्या सुमारास, नदी भरली की पिढ्यांपासून इथे वसलेली आपली मराठी मंडळी देवाची मूर्ती माझ्यात बसवून मध्यप्रवाहात नेतात. गोपालकृष्णांची थोरली बहीण मीनाक्षीबाई तिथे उभी राहून कीर्तन करते. ते सुख काय सांगू! मृदंगाची थाप थेट माझ्या तळाला जाणवते.

सणाखेरीज मात्र मला कोणी विचारत नसे. मोटर माझ्या मागच्या फळीवर टांगत. तिथल्या सैल बोल्टातून पाणी झिरपत राहिले आणि फायबरच्या आत दडलेले लाकूड कुजले. यंदा मोटर टांगताच फळी करकरली, तेव्हा कुठे सेतूला बोलावणे गेले. तो जवळच्याच तिरुनीलक्कुडीचा, तेलाचा अभिषेक होणाऱ्या देवाच्या गावचा, पण फायबरचे काम समुद्रकाठी शिकलेला. त्याने कुजके कोरून काढले, नवे लाकूड बसवले आणि म्हणाला, मागे पॉड जोडू. पॉड म्हणजे चहूकडून बंद, पोकळ पेटी. ती माझ्या पाठीला चिकटवायची आणि मोटर तिच्यावर टांगायची, म्हणजे आत मंडळींना ऐसपैस बसता येते.

सेतूने माझी पाठ घासून खरखरीत केली, पुसून कोरडी केली आणि तो कॉफी प्यायला गेला. तेवढ्यात मीनाक्षीबाई आली, तिळाच्या तेलाची वाटी घेऊन. त्यांच्या घरी नव्या वस्तूला तेल-कुंकू लागल्याशिवाय ती वापरत नाहीत. तिने नामस्मरण करत माझ्या पाठीवर बोटे ओढली. मग डाग बघून सेतू रागावेल म्हणून पदराने पुसूनही टाकले. पुसल्याने ते तेल पसरले, मित्रांनो. तेलावर रेझिन, म्हणजे फायबर चिकटवायचा राळेसारखा रस, धरत नाही, हे मला ठाऊक होते. पण सांगू कशी?

सेतूने येऊन पॉड बसवला. वरून सगळे चकचकीत दिसत होते, आणि मी आतून तळमळत होते. देव, मृदंगवाले, कडेवर मुले घेतलेल्या बाया, सारे माझ्यात बसणार. भर प्रवाहात ही पेटी सुटली तर? नदी रोज चढत होती. मला क्षणाची स्वस्थता नव्हती.

सणाच्या आदल्या दिवशी मोटर चढवण्याआधी सेतूने पान्याने जोड ठोकून पाहिला. टण, टण, आणि मग बद्द. त्याने जोडात पाते सरकवले, तर पेटीची कड सहज उचलली गेली. त्याने गोपालकृष्णांना हाक मारली.

गोपालकृष्ण चिडले. समुद्रावर हेच शिकलास काय, असे नाही नाही ते बोलले.

"माझंच मिश्रण बिघडलं असेल, अण्णा," सेतू खाली मान घालून म्हणाला. "दुसरा कारागीर बघा."

शेजारी मीनाक्षीबाई चिपळ्या पुशीत बसली होती. तिने त्या खाली ठेवल्या.

"गोपाळा, त्याला बोलूं नको. तेल मी लाविलें. वर पुसलेंही."

सेतूला हसू फुटले. "अक्का, अभिषेक देवाला करा. रेझिनला सोसत नाही."

गोपालकृष्णांचे म्हणणे, चार बोल्ट मारू आणि उद्याचे निभावून नेऊ. रीत मोडायला नको. सेतूने नकारार्थी मान हलवली. पुन्हा चिकटवले तरी उद्या ते कच्चेच राहणार होते.

"माझ्या चुकीवर लेकरें बसवायचीं नाहींत," मीनाक्षीबाई म्हणाली. "विठोबा उद्यां काठावरच राहील."

तसेच झाले. मी उघड्या पाठीने छपराखाली पडून लांबून कीर्तन ऐकले. देव पाण्यात का गेला नाही, अशी कुजबुज उठली, तेव्हा तिने पूर्वरंगातच आपल्या बोटांची गोष्ट सांगून टाकली. लोक हसले, तीही हसली. पाण्यात जाण्याची माझी तळमळ मात्र थांबेना. उन्हे फिरत राहिली, नदी वाहत राहिली, आणि मी कोरडी.

सण सरल्यावर सेतूने सगळे खरवडून पुन्हा जोडले, पक्के वाळू दिले. मग मोटर सुरू झाली आणि मी प्रवाहाच्या उलट्या दिशेने निघाले. पाठीवरची पेटी जराही हलली नाही.

मित्रांनो, आम्हाला वर्षातून एकदाच आठवू नका. अधूनमधून ठोकून, कान लावून बघत जा. आणि तुमच्या हातून काही चुकले असेल, तर कोणी आमच्यात बसण्याआधी बोला. आम्हाला सगळे कळते, पण तोंड तुम्हालाच आहे.