बिननावाचा फोन

"ह्यो कोनाचा रं?" भिवाजीने यादीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

पोशीर गावातल्या भिवाजीच्या घरात नेट रडतरखडत चालत होतं, म्हणून सकाळीच नेटवाल्या हर्षदला बोलावलं होतं. राउटरला आत्ता जोडलेल्या आणि आधी जोडून गेलेल्या वस्तू त्याच्या मोबाईलवर ओळीने दिसत होते. भिवाजीने खोपोलीच्या एका कारखान्यात गेटवर तीस वर्षं काढलेली. नाव सांगितल्याशिवाय त्याने साहेबाच्या मेव्हण्यालाही आत सोडलं नव्हतं. आता घरच्या नेटलाही त्याने तोच कायदा लावला. एकेक वस्तू बंद करायची, यादीतून कोण गेलं बघायचं, तिथे नाव टाकायचं. टीव्ही झाला, मुलगा साईराज झाला, सूनबाई सोनाली झाली. उरला हा एक.

"आत्ता जोडलेला नाय, काका. पन रोज येतो. दुपारी सव्वा वाजता येतो, पावनेदोनला जातो. पासवर्ड हाय त्याच्याकडं."

"चोरच. आन् तोबी माज्या झोपेच्या टायमाला."

ती झोप हल्ली त्याला फार गोड लागायची. जेवून पुढच्या पडवीत आडवा झाला की डोळ्यांवर ऊनसावली हलायची आणि कुठूनशी माधवी हसायची. त्याची लेक. दोन वर्षांपूर्वी तिने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हा "तिचं नाव या घरात काढायचं नाय" असं त्यानेच ठणकावलं होतं. बोलून बसला खरा, पण गडी हट्टाचा पक्का. नाव ओठांवर यायचं, तो गिळून टाकायचा. स्वप्नावर मात्र कुणाचा पहारा चालतो? बांगड्या वाजायच्या, पेला खाली ठेवल्याचा आवाज यायचा, ती हसायची. उठल्यावर तासभर तरी तो कुणाशी भांडायचा नाही.

"पासवर्ड बदलतो," हर्षद म्हणाला. "मंग नाय यायचा."

"नको रं, बाबा." दारात त्याची बायको सुंदरा उभी होती. हातातलं तांदूळ पाखडायचं सूप तिने खाली ठेवलं आणि ती नवऱ्याकडे वळली. "मागच्या पडवीत येते ती. नेरळच्या दुकानात कामाला हाय, तिथनं जेवायच्या सुट्टीत. ताक पिते आन् जाते. तुमी झोपल्याबिगर उंबऱ्यात पाय ठेवत नाय."

गेटवर ज्याच्या नजरेतून मुंगी सुटत नव्हती, त्याची लेक रोज घरात येऊन जात होती आणि हा पठ्ठ्या खुशाल घोरत होता. राग येईल म्हणून भिवाजीने जरा वाट पाहिली. आला नाही. ते हसणं खरं होतं, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. रोजचंच खरं होतं. त्याला भरून आलं आणि लपवताही येईना.

"काका, काढू का मंग ह्याला?"

"ऱ्हाऊ दे."

"नाव काय टाकू?"

सुंदरा नवऱ्याकडे बघत राहिली. भिवाजीने सुकलेले ओठ ओले केले.

"माधवी," तो म्हणाला. मग, हर्षदला नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून, पुन्हा एकदा म्हणाला.