हुकमाचा तास

पावणे एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या माळ्यावर क्रांती स्पॅनिश शिकवायची. पोरं सगळी एपीएमसीत फळांच्या पेट्या उचलणारी. तिचा धाकटा भाऊ प्रितमही त्यांच्यातलाच. आशुतोष नावाचा एजंट त्यांना परदेशात फळांच्या पॅकिंगला पाठवणार होता.

त्याची अट एकच. "मॅडम, फक्त हुकूम शिकवा. ते पन 'तू' म्हनून. तिकडे यांना कोन अहो-जाहो करनार नाय."

"आणि 'नाही' म्हणायला? प्रश्न विचारायला?"

"ते कशाला? टेन्शन नका घेऊ."

क्रांतीला खटकलं, पण भावाची सोय होत होती, म्हणून तिने ते मनावर घेतलं नाही. शिवाय शिकवण्यात बाई तरबेज. क्रियापदाच्या शेवटी 'आर' असेल तर तो काढून 'आ' लावा, 'एर' किंवा 'ईर' असेल तर 'ए'. झाला हुकूम! एस्पेरार, एस्पेरा: थांब. सुबीर, सुबे: चढ. शब्द कानावर पडला की अंग हललं पाहिजे, डोकं मागाहून. 'एन्त्रेगा' म्हटलं की हातात असेल ते देऊन टाकायचं. 'काय्या', म्हणजे गप्प बस, म्हटलं की बोट ओठांवर. जो आधी करेल त्याला टाळ्या. प्रितम नेहमी पहिला, आणि तिला कोण अभिमान!

एकदा घरी तिने गमतीत "एस्पेरा" म्हटलं. चहाचा कप ओठांशी धरून प्रितम जागच्या जागी थिजला. त्यांच्या आई, दुर्गाबाई, हसल्या नाहीत.

"माज्या लेकराचं काय केलंस गं?"

त्यांनी त्याच दिवशी त्याच्या बनियनला आतून खिसा शिवला, पासपोर्टासाठी. "कुनीबी मागू दे, हातचा सोडू नगंस. त्यो गेला की तू गेलास बघ." प्रितमने आईला शब्द दिला.

शेवटच्या तासाला आशुतोषने भिंतीवर स्क्रीन लावला. तिकडचा मुकादम बोलणार होता. "पासपोर्ट हातात धरा, साहेबाला दाखवायचेत," असं म्हणून तो स्वतः उघडी पिशवी घेऊन पोरांच्या ओळीच्या टोकाशी, प्रितमजवळ, उभा राहिला. ती पिशवी बघून क्रांती पुढे सरकली.

स्क्रीनवरच्या माणसाने नमस्कारसुद्धा केला नाही.

"एन्त्रेगा."

"प्रितम, देऊ नको! आईला काय बोललास तू?"

पासपोर्ट तोवर पिशवीत पडला होता. प्रितम बहिणीकडे वळला. आपण काय करून बसलो हे त्याला आत्ता कळत होतं. तो काहीतरी बोलणार होता.

"काय्या," स्क्रीनवरचा माणूस म्हणाला.

प्रितमचं बोट ओठांवर गेलं. अख्ख्या ओळीची बोटं ओठांवर गेली. क्रांतीला ओरडायचं होतं, पिशवी हिसकावून घ्यायची होती. पण तिचंही बोट ओठांवरच होतं, आणि पिशवी काखेत मारून आशुतोष टाळ्या वाजवत होता.