ताईच्या हाताचं माप

आमच्या ओट्यावर भिंतीला एक लाकडी फळी ठोकलेली आहे आणि तिला ओळीने खिळे आहेत. कुठल्या खिळ्यावर काय टांगायचं, हे ताईने ठरवलेलं आहे आणि त्यात कोणी ढवळाढवळ केलेली तिला खपत नाही. लोखंडी उलथनं तव्याचं. छिद्रांचा रुंद कालथा मासा न मोडता उचलायचा. सपाट लाकडी कालथा काळ्या नॉनस्टिक भांड्यांचा, कारण लोखंड लागलं की त्यांची साल निघते. आणि पांढरा रबरी स्पॅच्युला फक्त केकच्या मिश्रणाचा. त्याला कांदा-लसणाचा वारासुद्धा लागता कामा नये.

ताई बाहेर गेलेली पाहून भावोजींनी एकदा त्या पांढऱ्यानेच कांदा घातलेलं ऑम्लेट परतलं. मग तो धुतला, पुसला, साळसूदपणे खिळ्यावर अडकवला. दुसऱ्या दिवशी व्हॅनिलाचा केक नेलेल्या बाईंनी फार अदबीने विचारलं, की यात नवीन कुठलं फळ घातलंय. रबर वास धरून ठेवतं हे भावोजींना त्या दिवशी कळलं आणि ताईचा आवाज कुठवर जातो हे समोरच्या घरांना कळलं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. घराच्या रस्त्याकडच्या खोलीत तिचं केकचं दुकान आहे. मी वरच्या मजल्यावर राहते, तिच्या हाताखाली काम करते आणि तिच्याशी भांडते. दोन्ही कामं मी मन लावून करते. भावोजी पंपांच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यापासून ते मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असतात, काहीतरी घासत बसलेले. त्यांच्याकडे चामड्याच्या पाकिटात एक स्टीलची फूटपट्टी होती. नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या मेस्त्रींनी दिलेली, बारीक रेघा कोरलेली. मी एकदा तिने डब्याचं झाकण उचकटलं, तर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. एरवीही ते बोलत नाहीतच, पण त्या आठवड्यात ते मुद्दाम बोलत नव्हते.

तर मैद्याचा डबा काढायला ताई स्टुलावर चढली आणि डब्यासकट खाली आली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर झालं, यथावकाश निघालं, आणि डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, फक्त हात पूर्वीसारखा पूर्ण वळणार नाही. ते हे इतक्या सहज म्हणाले की मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. वळणार नाही म्हणे. सगळं दुकान त्या वळण्यावर उभं होतं.

बाकीचं मी निभावून नेत होते. पांढऱ्या स्पॅच्युलाने मिश्रण कसं तळातून उचलून वर पालथं घालायचं, ढवळायचं नाही, हवा मोडायची नाही, हे ताई शेजारी खुर्चीवर बसून सांगायची आणि मी करायचे. भट्टीही मी सांभाळायचे. गाडी अडायची ती क्रीमपाशी. क्रीम फिरवतात ती पॅलेट नाइफ म्हणजे लांब, पातळ, बोथट पातीची सुरी. वरचा भाग सोपा असतो. पण केकच्या कडेला पाती उभी टेकवायची तर तळहात बाहेर वळावा लागतो, आणि ताईचा हात मध्येच थांबायचा. पाती तिरकी लागायची आणि क्रीमखालचा केक उघडा पडायचा.

मग क्रीमही मीच लावायला घेतली. मी क्रीम लावलेला केक कसा दिसायचा ते विचारू नका. एका गिऱ्हाइकाने प्रवासात धक्का लागला का म्हणून विचारलं. तो केक दुकानातून हललाच नव्हता.

गिऱ्हाइकं चांगली होती, पण चांगलेपणालाही सीमा असते. हळूहळू ती येईनाशी झाली. अशातच एक तरुण येऊन गेला. त्याला मोबाइलची कव्हरं विकायला रस्त्यावरची खोली हवी होती. बोलायला गोड, पाहताक्षणी काकू-काका करणारा. मी त्याला दारातूनच वाटेला लावणार होते, पण ताईने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की पुढच्या रविवारी ये. तोवर मला माझ्या या मोडक्या हाताने एक केक धड करता आला तर खोली मिळणार नाही. नाही आला तर घेऊन टाक.

हे ती भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली. तो गेल्यावर मी तोंडाचा पट्टा सोडला. मला न विचारता, भावोजींना न विचारता, इतक्या वर्षांचं दुकान त्या कव्हरवाल्याच्या घशात घालायला निघालीस, असं मी वाट्टेल ते बोलले. ती म्हणाली, बरं. एवढंच. मी मुद्दाम लोखंडी उलथनं पांढऱ्याच्या खिळ्यावर टांगलं. तिने पाहिलं आणि काही म्हणाली नाही. ताईने माझ्याशी भांडणंच सोडलं होतं.

भावोजींनी हे सगळं ऐकलं. ते शेडमध्ये गेले आणि आतून कानशीचा आवाज यायला लागला.

संध्याकाळी ते एक वस्तू घेऊन आले आणि ताईपुढे ठेवली. वाकड्या मुठीची पॅलेट नाइफ होती. हात वळत नसेल तर सुरीच वळवून घ्यावी, असा त्यांचा हिशेब. हिशेब चोख होता, पण पत्रा पंपाचा होता. ताईला ती एका हाताने उचलेना. याने रस्ता खणायचाय का, असं मी विचारलं. भावोजींनी ती मुकाट्याने परत नेली. दुसरी केली ती इतकी पातळ, की क्रीममध्ये घातल्यावर लवून नमस्कारच करायची. तिसरीची पाती तळहाताएवढी रुंद झाली.

गंमत अशी, की यातली एकही वाया गेली नाही. जाड होती तिने ऑम्लेट असं सुरेख उलटायचं की कुठे तुटत नसे. पातळ होती ती टिनाच्या कडेने गोल फिरवली की केक आपण होऊन सुटायचा. रुंद होती तिने गरम बिस्किटं ट्रेवरून अख्खी उचलली जायची. भावोजी दर संध्याकाळी ताईसाठी एक सुरी करायचे आणि माझ्या स्वयंपाकाला एक नवं उलथनं मिळायचं. फळीवरचे खिळे संपत आले आणि शुक्रवार आला.

शुक्रवारची सुरी फार देखणी होती. वजन बेताचं, पाती लवचीक, मूठ घासून गुळगुळीत केलेली. ताईने ती हातात घेतली, केकच्या कडेला टेकवली, आणि पाती पुन्हा तिरकीच लागली. थोडीशीच, पण तिरकी. तिने ती पुसली आणि भावोजींना म्हणाली, छान झालीय. मग ती आत जाऊन पडली.

भावोजी मुठीकडे बघत बसले. बाक बरोबर आहे, म्हणाले. मी स्वतः कोनमापक लावून हाताचं माप घेतलंय. मी विचारलं, कधी घेतलंत. तर म्हणाले, मागेच, कधी लागलं तर असावं म्हणून, ती झोपली होती तेव्हा. प्लास्टर होतं ना, हात जराही हलत नव्हता, त्यामुळे माप अगदी अचूक आलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "भावोजी, तुम्ही प्लास्टरचं माप घेतलंत. ताईचं नाही घेतलं."

एरवी अशा वेळी ते उठून शेडमध्ये जातात. त्या दिवशी नाही गेले. बराच वेळ त्यांनी ती सुरी हातात फिरवली, मग उठले आणि ताईच्या खोलीत गेले. मी दाराशी उभी राहिले. असं उभं राहू नये हे मला माहीत आहे, पण मी उभी राहिले.

ते तिच्या पलंगावर बसले आणि म्हणाले, हात दाखव. तिने दाखवला. वळव, म्हणाले. तिने वळवला. कुठे थांबतो, कुठे दुखतं, कोपर आपोआप कुठे जातं, हे ते विचारत राहिले आणि ती सांगत राहिली. या दोघांना सलग इतका वेळ बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मध्येच भावोजी म्हणाले, "ही करंगळी अशी आत वळते, ती पडल्यापासून का?"

"लहानपणापासून," ताई म्हणाली. "लग्नातसुद्धा अशीच होती."

मी दाराशी उगाच जोरात खोकले. भावोजींनी मान वर न करता मला मैद्याचा घट्ट गोळा मळून आणायला सांगितलं. तो त्यांनी ताईच्या हातात दिला आणि म्हणाले, हात जिथे थांबतो तिथेच थांबव, वळवू नकोस, आणि हा गोळा केकच्या कडेला सुरी लावल्यासारखा धर. तिने धरला. तिच्या बोटांचे खळगे त्या गोळ्यात उमटले, आत वळलेल्या करंगळीचासुद्धा. तो गोळा दोन्ही हातांवर अलगद धरून ते शेडमध्ये गेले. शनिवारी जेवायलाही ते नीट आले नाहीत.

रविवारी कव्हरवाला आला. रिकाम्या हाताने नाही, फळं घेऊन आला होता. मला त्याचा राग टिकवणं जड जात होतं, तरी मी टिकवला. ताईने टेबलावर फिरता पाट मांडला, त्यावर मी सकाळी भाजलेला केक ठेवला आणि क्रीमचा वाडगा जवळ ओढला. भावोजी फडक्यात गुंडाळलेली सुरी घेऊन आले. मूठ लाकडाची, ओबडधोबड, खळग्याखळग्यांची. कोणी बाजारात विकायला ठेवली असती तर कुत्र्याने विचारलं नसतं. ताईने ती धरली आणि तिचा हात त्यात बसला.

"काका, तोवर मी कपाटांसाठी भिंत मोजून घेऊ का?" कव्हरवाल्याने हळूच विचारलं. "टेप विसरलोय. तुमच्याकडे पट्टी असेल ना एखादी?"

भावोजी म्हणाले, "होती."

मी सुरीच्या पातीकडे पाहिलं. तिच्या एका कडेवर बारीक रेघा होत्या आणि आकडे होते. ताईनेही पाहिलं असावं, कारण ती क्षणभर थांबली. तिने वर क्रीम पसरली, मग पाती कडेला उभी टेकवली, हात होता तिथेच ठेवला आणि डाव्या हाताने पाट फिरवायला सुरुवात केली.

पाती सरळ लागली. पाट फिरत गेला आणि क्रीम भिंतीला गिलावा बसावा तशी बसत गेली. कुठे उघडं नाही, कुठे फुगवटा नाही. पाट पूर्ण फिरला तेव्हा ताईने हात काढून घेतला आणि आम्ही सगळे पुढे झुकलो.

कडेवर सगळीकडून बारीक रेघा उमटल्या होत्या. एकाखाली एक, केसासारख्या, केकच्या भोवती गोल. पट्टीवरच्या खाचांतून क्रीम सुटून त्या तयार झाल्या होत्या. भावोजींचा चेहरा पडला. घाईत खुणांची कड बाहेर राहिली, म्हणाले, आत्ता घासून काढतो, पाच मिनिटांत गुळगुळीत करून देतो. त्यांनी सुरीसाठी हात पुढे केला.

ताईने सुरी दिली नाही. ती खाली वाकून त्या रेघा बघत होती. पाट थोडा फिरवला, पाहिलं, आणखी थोडा फिरवला, पाहिलं. मग ती सरळ झाली आणि माझ्याकडे वळली.

"हा केक कोणी भाजला?"

मी म्हटलं, मीच, दुसरं कोण आहे इथे.

"या बाजूला केक तीन रेघा उंच आहे. तीन. टिन भट्टीत तिरका ठेवलास. किती वेळा सांगितलं की आधी जाळी सपाट बसलीय का ते हाताने बघ. लक्ष असतं कुठे तुझं? आणि ते उलथनं पांढऱ्याच्या खिळ्यावर कोणी टांगलंय? मला दिसत नाही असं वाटतं का तुला? आठवडा झाला बघतेय."

तिचा आवाज रस्त्यापलीकडे गेला असणार, कारण समोरच्या घराची खिडकी उघडली. कव्हरवाला खुर्चीतून अर्धवट उठला आणि आपण फळं परत न्यावीत की ठेवावीत, या विचारात पडला. भावोजी आपल्या पट्टीकडे बघत होते. ती आता ताईच्या मुठीत होती आणि ती मूठ माझ्या नाकासमोर नाचत होती.

मला रडू येत होतं, पण इतक्या दिवसांनी मिळालेली संधी मी सोडणार नव्हते. मी पदर खोचला आणि म्हटलं, जाळी तुझीच वाकडी आहे, मेली, वीस वेळा सांगितलं बदल म्हणून.