टाकीमागची नळी

मित्रांनो, टाकी भरली. अगदी गळ्यापर्यंत भरली, आणि ताई आली.

आता हे दोन्ही विसरा. आत्मवृत्तात शेवट आधी सांगायचा नसतो हे मला माहीत आहे. पण माझं ऐकायला सहसा कोणी येत नाही, त्यामुळे संधी मिळाली की सगळं एकदम बाहेर पडतं. तेव्हा असं धरून चला की टाकी रिकामी आहे, ताई यायची आहे आणि आपण आत्ताच भेटतोय. नमस्कार. मी एक जुनी नळी आहे.

कुठली नळी, असं तुम्ही विचाराल. विचारलंत तर बरं वाटेल. मी एका पिकअप गाडीच्या डिझेलच्या टाकीची, हवेची नळी आहे. गॅरेजमध्ये मला ब्रीदर म्हणतात. म्हणजे म्हणत असावेत, माझ्यासमोर कोणी म्हटलेलं नाही. रंग काळा, जाडी करंगळीएवढी. एक टोक टाकीच्या डोक्यावर बसवलेलं आणि दुसरं मागच्या चाकाजवळ नुसतंच लोंबणारं. टाकीत डिझेल यायला लागलं की आतल्या हवेला बाहेर जावं लागतं. ती माझ्यातून जाते. एवढंच माझं काम. आयुष्यभर मी हवेला वाट दिली. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. बालपण फार थोडं मिळालं, कारण आम्ही सगळी भावंडं मिळून एकच लांबलचक नळी होतो. मग सुरी आली. ज्या भावंडाला माझं टोक जोडलेलं होतं, ते पुढे कुठल्या गाडीला गेलं ते कळलं नाही. बहुधा ट्रॅक्टरला. त्याचा स्वभावच तसा होता.

आमची पिकअप एका गादीवाल्यानं घेतली. नवी होती तेव्हा लोक बघायला यायचे. बोनेट उघडून इंजिनाला ‘वा’ म्हणायचे. दारं उघडून बंद करून बघायचे. टायरांना तर लाथा मारून बघायचे. मित्रांनो, मला लाथसुद्धा चालली असती.

पुढची वर्षं गाद्या वाहण्यात गेली. माझ्या जागेवरून फक्त पाय दिसतात, त्यामुळे मी माणसं चपलांवरून ओळखते. गादीवाल्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला आणि दोऱ्यानं शिवलेला. त्याच्या बायकोची चप्पल नेहमी घाईत. पंपवाल्याचे बूट डिझेलनं मऊ झालेले. इतक्या पायांत एकही गुडघा कधी जमिनीला टेकला नाही.

गादीवाला माणूस चांगला, पण त्याचा एक स्वभाव होता. जगात जे काही आवाज करतं, त्यात तो कापसाचा बोळा घालायचा. दार करकरलं, बोळा. खिडकी वाजली, बोळा. बायको रागावली, तर स्वतःच्या कानात बोळा. कापूस घरचाच होता, हात सढळ होता.

वय झालं तसं माझं लोंबतं टोक फाटलं. एके दिवशी गाडी वेगात असताना वारा त्या फाटीत शिरला आणि मी शीळ घातली. मला स्वतःलाच धक्का बसला. इतकी वर्षं मी मुकी आहे असं समजत होते. मग मी रोज शीळ घालू लागले. सूर धड नव्हता, पण माझा होता.

चार-आठ दिवसांनी गादीवाल्यानं गाडी बाजूला घेतली, बॅटरी लावली आणि चक्क आडवा होऊन गाडीखाली आला. पहिल्यांदाच मी त्याचा चेहरा पाहिला. मिशा होत्या. मला कल्पना नव्हती. त्यानं बॅटरीचा झोत फिरवत फिरवत माझ्यावर आणला आणि म्हणाला, “ही होय ती.”

मित्रांनो, नुसती ‘ही’ नाही. ‘ही होय ती.’

मग त्यानं खिशातून कापसाचा बोळा काढला आणि माझ्या टोकात अंगठ्यानं दाबून बसवला. मला वाटलं, उशी दिली. गादीवाला आहे, आपलं माणूस म्हणून दिली असेल. तो गेला आणि अंधार झाला. शीळ घालून आभार मानावेत म्हटलं, तर शीळ येईना. तेव्हा कळलं.

तो मात्र हे सगळं घरी पोचेपर्यंत विसरला.

आता ताईचं सांगते. ताई म्हणजे गादीवाल्याची मोठी बहीण. दूर माळावर एक खाण होती, तिच्या वसाहतीतल्या दवाखान्यात ती नर्स होती. खाण बंद पडली, दवाखाना बंद पडला, दुकानं गेली, वसाहतीतला डिझेलपंप गेला, शेजारी गेले. ताई राहिली. गादीवाला दर वेळी फोनवर म्हणायचा, “आमच्याकडे ये.” ती म्हणायची, “बघू.” असं बघण्यात बरीच वर्षं गेली. या वेळी मात्र, गादीवाला गाडीला टेकून बोलत होता, फोन मोठ्या आवाजात होता, आणि तिचं उत्तर मी स्वतः ऐकलं.

“रविवारी आलास तर येते. सोमवारी विचारलंस तर नाही म्हणेन.”

“सोमवारी काय होणार आहे?”

“सोमवारी मी शहाणी होईन.”

वाटेत कुठेच पंप नव्हता. जाऊन सामानासकट परत यायचं तर टाकी गच्च भरलेली हवी. म्हणून शनिवारी सकाळी गादीवाला पंपावर गेला. पंपवाल्यानं नोझल टाकीच्या तोंडात घातलं, डिझेल आलं, आणि लगेच टक. नोझल आपोआप बंद.

“झाली दादा, फुल झाली.”

“अरे, काटा तळाला आहे.”

“मग काटा बिघडला असेल.”

पुन्हा घातलं. टक. नोझल तिरपं धरलं. टक. उलटं धरलं. टक. शेवटी पंपवाला थेंब थेंब सोडू लागला. मागे रांग लागली. एका टेम्पोतून आवाज आला, “काय हो, चमच्यानं पाजताय का?” तेवढ्यात टाकीनं फेसासकट एक घोट गादीवाल्याच्या शर्टावर परत दिला.

“कॅनमध्ये द्या हो, घरी नेऊन ओतीन.”

“कॅनमध्ये देत नाही. पाटी वाचा.”

गादीवाला दुसऱ्या पंपावर गेला. तिथेही टक. एकाच सकाळी दोन पंप बिघडले यावर त्याचा चटकन विश्वास बसला, आपली गाडी बिघडली यावर बसेना. याला प्रेम म्हणतात. ते त्यानं इंजिनावर केलं होतं, पण ऐकू मलाही येत होतं.

गॅरेजवाला मिस्त्री कुणाच्या तरी लग्नाला गेला होता आणि सोमवारी येणार होता. सोमवारी ताई शहाणी होणार होती. तेव्हा दुपारी मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या भावाला, बोलावण्यात आलं. त्याचे बूट इतके स्वच्छ होते की मला आधीच शंका आली.

तो म्हणाला, “भावजी, टाकीत हवा अडकली आहे.”

मित्रांनो, हे अक्षरशः खरं होतं. मी श्वास रोखून ऐकू लागले. तसा तो रोखलेलाच होता.

“मग आता काय करायचं?”

“हलवायची.”

“हवा?”

“गाडी. ढेकर येईल, मोकळी होईल.”

गल्लीतले चार जण आले. दोन इकडून, दोन तिकडून, गाडी पाळण्यासारखी झुलवली. टाकीत होतं नव्हतं ते डिझेल आत हिंदकळलं आणि उघड्या तोंडातून मेहुण्याच्या बुटावर पडलं. “बघा, सुटतंय,” तो म्हणाला. मग गाडी उतारावर नेऊन नाक वर करून उभी केली. मग नाक खाली करून. मग टाकीचं झाकण बदललं. मग एकानं टाकीवर चपलेनं मारलं. दर वेळी पंपावर एक फेरी, दर वेळी टक. या फेऱ्यांत जेवढं भरत होतं तेवढंच जळत होतं. मी सगळ्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर होते. माझ्या तोंडात बोळा होता.

संध्याकाळी ताईचा फोन आला.

“उद्या निघतोयस ना?”

“हो. म्हणजे निघणारच.”

“आवाज का बारीक झालाय तुझा?”

“गाडी जरा कुरकुर करतेय.”

फोन आजही मोठ्या आवाजात होता, ताईच्या मागे माळावरचं वारं ऐकू येत होतं. मग ताई म्हणाली, “राहू दे मग. मी भांडी परत फळीवर लावते.”

“लावू नकोस ताई.”

“सगळी नाही. थोडी लावते.”

फोन बंद झाला. शिवलेल्या अंगठ्याची चप्पल जागेवरून हलेना. मी खूप पाय पाहिलेत, पण इतके एकटे पाय पाहिले नव्हते. एरवी मी तो मान स्वतःकडे ठेवते.

त्याची बायको दाराच्या खालच्या पायरीवर, माझ्या नजरेच्या टप्प्यात बसून डब्यातलं तेल बाटलीत भरत होती. नरसाळं बाटलीच्या तोंडात घट्ट बसलं होतं आणि तेल नरसाळ्यातच थांबलं होतं. तिनं नरसाळं जरासं वर उचललं. तेल सुरळीत खाली गेलं. तिनं ते पुन्हा दाबलं, तेल थांबलं. पुन्हा उचललं.

“अहो, इकडे या.”

“आता तेल बघू का मी?”

“बघाच. बाटलीतल्या हवेला जायला वाट दिली की तेल उतरतं. नाहीतर वरच बसतं रुसून. तुमच्या टाकीतली हवा कुठून जाते?”

“तोंडातून.”

“तोंडात तर नोझल असतं. दुसरी वाट असेल ना काहीतरी. एखादी नळी, भोक, काहीतरी?”

चप्पल एकदम माझ्याकडे वळली. मग गुडघे टेकले, बॅटरी लागली आणि मिशा दिसल्या. गादी शिवायचं दाभण त्यानं माझ्या टोकात घातलं आणि बोळा ओढून काढला. काळा, धुळीनं दगड झालेला. टाकीच्या पोटात दाबून बसलेली हवा एका दमात माझ्यातून बाहेर गेली.

“काय निघालं?” बायकोनं विचारलं.

“काही नाही. कचरा.”

“दाखवा.”

“कचरा काय बघायचा?”

“कापूस आहे तो.”

“कापसासारखा कचरा आहे.”

“आपल्या दुकानातल्या कापसासारखा?”

“कापसावर नाव असतं का?”

ती पुन्हा तेल भरू लागली. सगळं आत्ताच बोलून टाकलं तर संसाराला काय उरणार, असा तिनं विचार केला असावा. गादीवाल्यानं माझं फाटकं टोक कात्रीनं सरळ कापलं आणि गाडी पंपावर नेली. डिझेल आत येत राहिलं, हवा माझ्यातून जात राहिली, आणि टक झालं ते काटा पार वर गेल्यावर. पंपवाला म्हणाला, “मी म्हटलं होतं, काट्याचाच घोळ होता.”

रविवारी आम्ही माळावर पोचलो. वसाहतीत सगळ्या घरांना कुलपं होती आणि एका दारात चपला होत्या. भांडी अर्धी खोक्यात आणि अर्धी फळीवर होती. गादीवाल्यानं काही न विचारता फळीवरची उतरवायला घेतली. सामान चढलं, गाद्या चढल्या. ताई मात्र दाराला हात लावून उभी राहिली. तिच्या पायांत पांढरे बूट होते, दवाखान्यातले.

“टाकी भरलेली आहे?” तिनं विचारलं.

“काल फुल केली. घरी पोचलो की पुन्हा भरीन, तुला परत इथवर यायचं झालं तर.”

“नक्की?”

“नक्की. काल सबंध दिवस तेच केलंय.”

“मग चढते,” ती म्हणाली.

तेव्हापासून ताई इथे आहे. दर रविवारी पांढरे बूट गाडीजवळ येतात. “वन्सं, चहा निवतोय,” असं आतून ऐकू येतं. ताई विचारते, “भरलेली आहे ना?” गादीवाला म्हणतो, “भरलेली आहे.” “असू दे,” ती म्हणते आणि आत जाते. परत सोड असं अजून म्हणालेली नाही. तो टाकी कधी अर्ध्याखाली जाऊ देत नाही. पैशांवरून बायको कुरकुरते, पण पंपावर जायची आठवण तीच करते.

म्हणजे माझं काम वाढलं आहे, मित्रांनो, आणि ते मी चोख करते. पण टोक सरळ कापल्यामुळे शीळ गेली. आता माझ्यात काहीही बिघाड नाही, त्यामुळे माझ्याकडे यायचं कोणाला काही कारणही नाही. तुमच्या घरातही अशी एखादी वस्तू असेल. किंवा माणूस असेल, जे कधीच कुरकुरत नाही. त्याच्याकडे जरा लक्ष द्या. आणि कुरकुरलं, तर आधी कापूस खिशात ठेवा.

तरी सर्व संबंधितांस याद्वारे कळवण्यात येते की, अर्जदार नळी सद्यःस्थितीत सुस्थितीत असून तिची कोणतीही तक्रार नाही. सबब विनंती की, वर्षातून किमान एकदा, कोणताही बिघाड नसताना, कोणीतरी गाडीखाली वाकून अर्जदाराची ‘कशी आहेस’ अशी तोंडी विचारपूस करावी व उत्तरासाठी वाजवी काळ थांबावे. उत्तर मिळणार नाही, याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे. तरीही थांबावे.