स्प्रूतची दुडकी

मृदुलाने नेदरलँड्सला येऊन घोड्यावर बसावं, हे तिच्या माहेरी-सासरी कुणालाच पटलेलं नव्हतं. "अख्खा देश सायकलवर, आणि आमची ही घोड्यावर!" असं तिचा नवरा पुष्कर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. सांगेना का. आठवडाभर ती आइंडहोवनच्या एका कंपनीत यंत्रांची थरथर मोजायची. केसाच्या हजाराव्या भागाइतकी थरथरही तिथे चालत नसे. मग रविवारी सकाळी असं काहीतरी हवंच, जे थरथरतं आणि तरी चालतं.

तबेला गावाबाहेर, जांभळ्या झुडपांच्या माळाला लागून होता. मालकीण ट्रूस, साठीची, उंच, डोक्यावर अष्टौप्रहर काउबॉय हॅट. बाई कधी अमेरिकेला गेलेली नव्हती, पण कारभार सगळा वेस्टर्न पद्धतीचा. ती झोपतानाही हॅट काढत नसणार, अशी पुष्करची खात्री होती. मृदुला शिकली होती ती ड्रेसाज, म्हणजे लगामाच्या बारीक इशाऱ्यांवर घोडा चालवायची युरोपी पद्धत, पुण्याला कॅम्पात, निवृत्त दफेदार यादवरावांच्या हाताखाली. ट्रूसने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "इथे लगाम सैल. एकदा सांगायचं आणि घोड्याला एकटं सोडायचं. तुमच्या त्या शेपटीच्या कोटवाल्यांसारखं सारखं धरून बसायचं नाही." मृदुलाने मान डोलावली. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतो?

तिच्या वाट्याला आली स्प्रूत. डच भाषेत स्प्रूत म्हणजे चेहऱ्यावरचा बारीक ठिपका. पांढरी घोडी, अंगभर तपकिरी डाग, पुरणपोळी तव्यावर भाजताना पडतात तसे. वय झालेलं, स्वभाव गरीब. पण त्या उन्हाळ्यात ती बिघडली. चौकोनी रिंगणाच्या कोपऱ्यावर दचकायची, कुंपणाला खांदा घासायची, मधेच पाय रोवून उभी राहायची. मृदुलाला वाटलं, म्हातारपणी हट्टीपणा आला. दोनदा टाच मारली तिने. नंतर डॉक्टर आले, डोळ्यांत बॅटरी टाकून बघितलं आणि म्हणाले, उजवा गेलाय, डावाही गेल्यातच जमा. जुने लोक त्या दुखण्याला चंद्राचं आंधळेपण म्हणतात. नाव किती देखणं! मृदुला त्या दिवशी स्प्रूतच्या मानेला मिठी मारून रडली, त्या दोन टाचांसाठी.

ट्रूस रडली नाही. कुंपणावर कोपरं टेकून म्हणाली, "आंधळ्या घोड्याला मी सांभाळीन. पण घाबरलेल्याला नाही. सतत भीत जगणं, हे काही जगणं नव्हे. हिवाळ्याच्या आत डॉक्टरला बोलावते. शेवटचं."

"मला शरदभर वेळ दे," मृदुला म्हणाली. "माझ्या पद्धतीने."

"लगाम धरून?"

"हो, धरून."

ट्रूसने हॅट पुढे ओढली. "ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बघते. पूर्ण रिंगण, दुडक्या चालीने, एकदाही न दचकता. नाहीतर फोन लावते."

घोडामैदान जवळच होतं, आणि या वेळी खरोखरचंच.

मृदुलाने स्प्रूतच्या तोंडातलं वेस्टर्न कडियाळं काढून साधं, मऊ घातलं. लगाम हातात घेतला, ओढला मात्र नाही. यादवराव म्हणायचे, "पोरी, लगाम ओढायला नसतो, बोलायला असतो. काही मागायच्या आधी घोड्याला सांग, की आता मागणार आहे." ड्रेसाजमध्ये त्याला अर्धा थांबा म्हणतात. पाठ ताठ करायची, श्वास क्षणभर धरायचा, बोटं मिटायची आणि लगेच सोडायची. थांबायचं नाहीच; नुसतं म्हणायचं, ऐक हं. देखत्या घोड्याला हे नसलं तरी चालतं. स्प्रूतला मात्र नेमकं एकटं सोडलेलंच सोसत नव्हतं. कोपरा आला की ऐक हं. वळायच्या आधी पोटाला वळणाच्या बाजूच्या पोटरीचा स्पर्श, आणि ऐक हं. मृदुला ते तोंडानेही म्हणायची, मराठीतच. बाकीचे स्वार हसायचे. हसोत बापडे!

आणि हळूहळू काहीतरी सैलावलं. स्प्रूतचे कान पुढे टवकारायचे सोडून मागे, मृदुलाकडे लागू लागले. दुडकी एकसारखी पडू लागली. कधीकधी मृदुलालाच कळेना की आपण चालवतोय की नुसतं वाहतोय. सोनेरी पानं गळत होती, पाइनचा वास येत होता, आणि खाली ती दुडकी, झोपेत ऐकू यावी तशी.

तो रविवार उजाडला तो धुकं घेऊन. धुकं म्हणजे किती? सायकलच्या हँडलपुढे जग संपत होतं. ट्रूस रिंगणाच्या फाटकाशी उभी होती म्हणे. मृदुलाला फक्त तिचा आवाज ऐकू आला. "पुढच्या आठवड्यात करू या का?"

"नको," मृदुला म्हणाली. तिला आणखी आठ दिवस ही धाकधूक सोसवली नसती.

ती निघाली आणि दहा पावलांतच तिची गाळण उडाली. कुंपण दिसेना, कोपरा दिसेना. ऐक हं म्हणायचं, पण कधी? हात आखडले, श्वास अडकला. स्प्रूतला ते सगळं लगामातून पोचलं. तिने पाय रोवले.

"मृदुला?" लांबून ट्रूस.

संपलं, मृदुलाला वाटलं. मीच हिला मारलं. खाली स्प्रूत मात्र शांतपणे श्वास घेत होती, जणू विचारत होती, काय झालं? आणि एकदम मृदुलाच्या ध्यानात आलं. हिला धुक्याचा पत्ताच नाही. हिच्यासाठी आजचा दिवस कालच्यासारखाच आहे. धुक्यात घाबरलेय ती मी.

तिने बोटं उघडली. लगाम सोडत गेली, सोडत गेली, ट्रूसच्या वेस्टर्नवाल्यांसारखा पार सैल. "आज तू सांग गं बाई," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

दुडकी सुरू झाली. एक-दोन, एक-दोन. मऊ वाळू, ओला वारा, पांढरं काहीच नसणं. किती वेळ गेला कोण जाणे. मग खाली स्प्रूतची पाठ किंचित उचलली गेली, तिने श्वास क्षणभर धरला आणि सोडला. ऐक हं. आणि ती वळली. कोपरा आला होता. घोडीने तो मृदुलाला आधी सांगितला होता.

पुढचे तीनही कोपरे तिने तसेच सांगितले. मृदुलाच्या गालांवरून धुकं ओघळत होतं की आणखी काही, हे तिने तपासलं नाही.

स्प्रूत फाटकाशी आपणहून थांबली. धुक्यातून ट्रूस हाताच्या अंतरावर प्रकटली. पांढरे, विरळ केस कपाळाला चिकटलेले. मृदुलाने तिला ओळखलंच नाही क्षणभर. हॅट तिने काढून हातात धरली होती, नीट ऐकू यावं म्हणून.

"मला काहीच दिसलं नाही," ट्रूस म्हणाली. मग तिने चाचपडत स्प्रूतचं नाक शोधलं आणि त्यावर हात ठेवला. "हिवाळ्याचं गवत एका घोड्याचं कमी सांगितलं होतं मी. उद्या फोन करून वाढवायला हवं."