मिठातला क्लोरीन

टास्मानियाच्या वायव्य टोकावरच्या हवा-केंद्रात ब्रॉन्विन अकरा वर्षं समुद्रावरून उडत येणारे मिठाचे कण गाळणकागदावर गोळा करत होती. मग टॅमसिन ही तरुण संशोधक तिथे रुजू झाली आणि दोन महिन्यांत तिने शोध लावला, की वारा मेलबर्नकडून आला की शहराच्या धुरातलं आम्ल त्या कणांना चिकटतं आणि मिठातला क्लोरीन हवेत उडून जातो.

जो तो टॅमसिनचं कौतुक करू लागला. ब्रॉन्विनच्या पोटात दुखू लागलं. "कागद नीट झाकले नसतील पोरीने," ती चहाच्या वेळी म्हणाली. कुणी लक्षही दिलं नाही.

टॅमसिनला खोटं पाडायचंच, म्हणून तिने आपले जुने डबाबंद कागद काढले आणि आठवडाभर एकटीने तपासले. शहरी वाऱ्याच्या प्रत्येक दिवशी क्लोरीन कमीच निघाला. इतकी वर्षं हे तिच्याच कपाटात पडून होतं आणि तिने कधी बघितलंच नव्हतं.

शुक्रवारी तिने आकडे टॅमसिनच्या टेबलावर आदळले. "तुझं बरोबर आहे."

"पण तू कशाला तपासलंस?"

"तू चुकीची ठरावीस म्हणून."

टॅमसिन खो खो हसली. "अगं, अकरा वर्षांचा पुरावा आहे हा! लेखावर पहिलं नाव तुझंच घालूया."

"भीक नकोय मला. दुसरं घाल," ब्रॉन्विन म्हणाली. "आणि स्पेलिंग चुकवू नकोस."

गाडीत बसल्यावर मात्र तिला रडू कोसळलं.